पुडीवर नाव असावे

जागतिक आरोग्याचा विषय निघाला की चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा दाखला द्यावयाचा, वायू, उदक, देश, काल यांचे स्मरण करावयाचे आणि टाळ्या घ्यावयाच्या, अशी आपल्या संमेलनांतून रूढी पडली आहे. दाखला खरा आहे. परंतु आंतरराष्ट्रीय सहकार्य आज नाशिकच्या वैद्याकडे जे मागत आहे ते फार साधे आहे. ते मागते नोंद.

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते. आपल्या वर्तुळात संताप उसळला. शोधन-मारणाचा विचार न करता केवळ मूलद्रव्ये मोजली, हा आपला आक्षेप शास्त्राला धरून होता. पण त्याच्या पुष्ट्यर्थ मांडावयास आपल्याजवळ काय होते? सूतशेखर आणि आरोग्यवर्धिनी आपण पिढ्यान्पिढ्या देत आलो. किती रुग्णांना, कोणत्या मात्रेत, किती दिवस दिली आणि कोणास काय उपद्रव झाला, ती वही दाखवा असे कोणी म्हटले असते, तर किती जणांनी दाखविली असती? आमच्याकडेही ती नव्हती.

पुढे १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिज औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची झाली. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम, या त्या मर्यादा. फार्मसीमालकांना हा खर्च जड गेला, हे आम्ही जाणतो. आम्हांस वैषम्य वाटते ते निराळ्याच गोष्टीचे : तो आदेश निर्यातीपुरता होता. परदेशी ग्राहकासाठी चूर्ण तपासावे आणि पंचवटीतील रुग्णाने ते विश्वासावर घ्यावे, हे कोणत्या न्यायाने? औषधालयांनी प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल आग्रहपूर्वक मागावा. मागितल्यावाचून तो येणार नाही.

दरम्यान व्यवस्था पुष्कळ उभी राहिली. आयुर्वेदीय औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी औषधदक्षता योजना २००८ साली सुरू झाली. २०२२ मध्ये जामनगर येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या पारंपरिक वैद्यक केंद्राची पायाभरणी झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानीतील विकारसंज्ञांना आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात संकेतांक मिळाले. या सर्वांचा आपण अभिमान बाळगतो. मात्र केसपेपरवर व्याधिनिदानच लिहिलेले नसेल, तर संकेतांक घालणार कशाला?

आता पुडीविषयी. नाशिकरोडची एखादी माउली मुलाकडे सहा महिने अमेरिकेस जाते तेव्हा तिच्या बॅगेत बिननावाच्या पुड्यांची चळत असते. तिकडे ती आजारी पडली तर तेथील डॉक्टर विचारतात, हे काय आहे? मुलगा अपरात्री फोन करतो, दवाखाना बंद असतो. मग त्या डॉक्टरांनी रक्तातील शिसे तपासावयास पाठविले, तर दोष त्यांचा कसा? नाव कळले की रुग्ण परस्पर दुकानातून औषध आणील, ही आपली भीती आहे. ती चारचौघांत कोणी बोलत नाही, इतकेच.

औषधाचे नाव, निर्माता, बॅच क्रमांक आणि मात्रा एवढे चिठ्ठीवर लिहून रुग्णाच्या हाती द्यावे, आणि उपद्रव आढळल्यास औषधदक्षता केंद्रास कळवावे, अशी वैद्यबंधूंना आमची विनंती आहे. कळविणे म्हणजे अपराधाची कबुली नव्हे. आम्ही आमच्या दवाखान्यात गेल्या पाडव्यापासून छापील चिठ्ठी सुरू केली. दोघे-तिघे खरोखरच परस्पर दुकानात गेले. बाकीचे येतात, आणि येताना चिठ्ठी बरोबर आणतात.