सहभोजनाच्या पंगतीतून सेवेकडे

सेवाभावी क्लबांविषयी मध्यमवर्गीय घरांतून एक ठराविक मत ऐकू येते. सुखवस्तू मंडळींनी आठवड्यातून एकदा चांगल्या हॉटेलात जेवायचे, एकमेकांच्या गळ्यात हार घालायचे आणि वर्षाकाठी शाळेला चार पंखे देऊन त्याचे छायाचित्र छापून आणायचे, ही कसली सेवा? या टीकेत तथ्यांश नाही असे म्हणता येणार नाही. परंतु टीका करणारा एक मूलभूत प्रश्न विचारायला विसरतो. हे साप्ताहिक भोजन सेवेच्या आड येते, की सेवेचे मूळच त्या भोजनात आहे? रोटरी या सर्वात जुन्या सेवा-क्लबचा इतिहास पाहिला, तर उत्तर दुसऱ्या बाजूला झुकते.

पॉल हॅरिस हा तरुण वकील १८९६ साली शिकागोत आला. व्हरमाँट राज्यातील वॉलिंगफर्ड या छोट्या गावात आजी-आजोबांच्या घरी तो वाढलेला. गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत होता. शिकागोत अशिलांची वाण नव्हती, वाण होती ती मित्रांची. रविवार खायला उठे. या एकाकीपणातून २३ फेब्रुवारी १९०५ रोजी चार माणसे एकत्र बसली. वकील हॅरिस, कोळशाचा व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गस्टेव्हस लोहर आणि शिंपीकामाचा व्यावसायिक हायरम शोरी. बैठक लोहरच्या कचेरीत भरली. पुढे ती आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागली आणि या फिरत्या क्रमावरूनच संस्थेला रोटरी हे नाव मिळाले.

प्रारंभी या मंडळींच्या मनात सेवेचा विचार नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. स्नेह आणि परस्परांच्या धंद्याला साहाय्य, एवढाच हेतू होता. प्रत्येक व्यवसायातून एकच सदस्य घ्यायचा हा नियमही त्याच हेतूने झाला, कारण पंगतीत दोन प्रतिस्पर्धी शेजारी बसले की मोकळेपणा संपतो. १९०६ साली डोनाल्ड कार्टर या वकिलाला सदस्यत्वाचे निमंत्रण मिळाले, तेव्हा त्याने ते नाकारले. केवळ आपल्याच सदस्यांचे भले पाहणाऱ्या संस्थेला भवितव्य नाही, असा त्याचा आक्षेप होता. क्लबने त्याचा आक्षेप फेटाळला नाही. नगराच्या हिताचे कलम घटनेत घातले गेले आणि कार्टर सदस्य झाला. १९०७ साली क्लबने पहिले सार्वजनिक कार्य हाती घेतले. ते मंदिर नव्हते, पुतळा नव्हता, तर सार्वजनिक स्वच्छतागृह होते. १९०९ साली ते शिकागोच्या नगरभवनाजवळ उभे राहिले. त्यामुळे त्या भागात कामानिमित्त येणाऱ्या सामान्य माणसाची अडचण दूर झाली.

या क्रमात एक बोध आहे. आधी ओळख झाली, ओळखीतून विश्वास आला आणि विश्वासातून सामूहिक कार्य निर्माण झाले. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांकडून निधी गोळा करता येतो. जबाबदारी वाटून घेणे मात्र त्यांच्याकडून होत नाही.

साप्ताहिक भोजनाचा तास वरवर पाहता साधा असतो. अध्यक्ष घंटा वाजवतो. एखादे समूहगीत होते. हॅरी रगल्स या मुद्रकाने शिकागोच्या क्लबात गायनाची प्रथा पाडली, ती आजही अनेक ठिकाणी टिकून आहे. जेवताना सदस्य एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. कोणाच्या घरी आजार आहे, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, याची विचारपूस होते. क्षुल्लक चुकांवरून थट्टेने दंड आकारला जातो आणि ती रक्कम सेवानिधीत पडते. पाहुणा वक्ता वीस-पंचवीस मिनिटे बोलतो. तो कधी रुग्णालयाचा डॉक्टर असतो, कधी अंधशाळेचा शिक्षक, कधी पाणीपुरवठ्याचा अभियंता. तासाभरात घंटा पुन्हा वाजते आणि प्रत्येक जण आपल्या कामाला परततो.

या तासातच खरे कार्य घडते. अंधशाळेच्या शिक्षकाने सांगितलेली अडचण एकाच वेळी बांधकाम कंत्राटदार, औषधविक्रेता, बँक अधिकारी आणि शाळेचा मुख्याध्यापक ऐकतात. धनादेश लिहिणारा तेथे असतोच, पण छप्पर दुरुस्त करणारा आणि हिशेब ठेवणाराही असतो. शिवाय पुढच्या आठवड्यात तीच माणसे पुन्हा समोरासमोर बसणार असतात. ज्याने काम अंगावर घेतले त्याला त्याविषयी विचारले जाणार असते. आठ दिवसांनी भेटणाऱ्या मित्राला दिलेला शब्द मोडणे कठीण जाते.

आता दोषांकडे वळले पाहिजे. स्नेहाच्या वर्तुळाला कुंपण घालण्याची सवय लवकर लागते. रोटरीने तब्बल आठ दशके स्त्रियांना सदस्यत्व दिले नाही. कॅलिफोर्नियातील ड्युआर्टे येथील क्लबने १९७७ साली तीन स्त्रियांना प्रवेश दिला, तेव्हा त्या क्लबची मान्यताच काढून घेण्यात आली. वाद न्यायालयात गेला, १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल क्लबच्या बाजूने दिला आणि १९८९ साली रोटरीने जगभर आपला नियम बदलला. ‘स्वार्थाहून सेवा श्रेष्ठ’ असे बोधवाक्य मिरवणाऱ्या संस्थेला अर्ध्या समाजासाठी दार उघडण्याकरता न्यायालयाची पायरी पाहावी लागली, हे भूषणावह नव्हे. पंगत कोणासाठी वाढली जाते आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले जाते, हा प्रश्न प्रत्येक संघटनेने स्वतःला विचारलाच पाहिजे.

दोष मान्य करूनही श्रेय नाकारता येत नाही. पोलिओ निर्मूलन हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९७९ साली फिलिपाइन्समधील मुलांच्या लसीकरणापासून रोटरीने प्रारंभ केला. १९८५ साली जगव्यापी मोहीम जाहीर झाली. १२ कोटी डॉलरचे उद्दिष्ट होते, तीन वर्षांत सुमारे दुप्पट निधीचे आश्वासन मिळाले. १९८८ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींच्या सहकार्याने व्यापक आघाडी उभी राहिली. त्या वर्षी जगात सुमारे साडेतीन लाख मुले पोलिओने पंगू होत असल्याचा अंदाज होता. भारतात २००९ साली ७४१ रुग्ण नोंदले गेले, जगातील जवळजवळ निम्मे. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. या यशात सर्वात मोठा वाटा सरकारी यंत्रणेचा आणि दारोदार फिरणाऱ्या आरोग्यसेविकांचा आहे. परंतु लसीकरण केंद्रांवर उभे राहणारे, साशंक वस्त्यांतील धर्मगुरूंची आणि वडीलधाऱ्यांची समजूत काढणारे स्वयंसेवक क्लबांनी पुरवले. पंचवीस वर्षे एकाच कार्यावर चित्त खिळवून ठेवणे हे दर आठवड्याला त्या कार्याची आठवण होत राहिल्यानेच शक्य झाले.

म्हणूनच अलीकडचा प्रवाह चिंतेचा वाटतो. साप्ताहिक उपस्थितीची सक्ती २०१६ साली सैल झाली. महिन्यातून दोन बैठकी पुरेशा मानल्या गेल्या. रॉबर्ट पटनम या राज्यशास्त्रज्ञाने २००० साली ‘बोलिंग अलोन’ या ग्रंथात अमेरिकी समाजातील अशा मंडळांच्या ऱ्हासाची मीमांसा केली होती. अमेरिकेत सदस्यसंख्या घटत असताना भारतात ती वाढत आहे. कलकत्त्यात १९१९ साली लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे. तरीही इथल्या नोकरदार तरुणालाही सवड नाही. भ्रमणध्वनीवर बोट टेकवून देणगी पाठवणे त्याला सोयीचे वाटते. ती देणगी निरर्थक नाही. मात्र तिच्यामागे माणूस माणसाला भेटत नाही, घेणाऱ्याचा चेहरा देणाऱ्याला दिसत नाही आणि दोन देणारे परस्परांचे सहकारी होत नाहीत.

पॉल हॅरिसला शिकागोत जाणवलेले एकाकीपण आज पुण्या-नाशिकच्या नव्या वसाहतींतून, बंद दारांच्या सदनिकांतून वास करीत आहे. त्यावर उपाय खर्चिक नाही. ठरलेला वार, ठरलेली वेळ, साधे जेवण आणि न चुकता येणारी दहा-बारा माणसे एवढे पुरे. हॉटेलाऐवजी शाळेचा वर्ग चालेल, पक्वान्नाऐवजी पिठलं-भाकरी चालेल. संस्थेच्या वार्षिक अहवालात किती धनादेश वाटले याचा आकडा जरूर असावा, पण त्याच्या शेजारी वर्षातल्या किती बैठकी नियमाने झाल्या आणि किती नवी माणसे पंगतीला आली, हाही आकडा छापला जावा. सेवाकार्य टिकणार की नाही, हे त्या दुसऱ्या आकड्यावरून कळेल.