जुना संगणक चालेल, परावलंबन नको

सालेकसा, देवरीकडच्या आपल्या पोरांना महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असला की ती नेट कॅफे गाठतात. जातीचा दाखला, आधार, पासवर्ड, सगळे परक्याच्या हाती. ईमेलही त्यानेच काढलेला. अर्जात त्रुटी निघाली तर पोराला कळणार कसे?

म्हणून गोंदिया जिल्ह्यातल्या प्रत्येक बुद्धविहारात निदान एक जुना संगणक हवा. कुणी विचारेल, "पुन्हा आपल्या वाट्याला उतरलेलेच का?" प्रश्न स्वाभिमानाचा आहे. पण कुणी टाकलेले निमूट घेणे वेगळे आणि स्वतःच्या वर्गणीतून पारखून घेणे वेगळे.

पारख सोपी आहे. ६४ बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ८ असेल तर उत्तम. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. विंडोज ७ असलेल्याला भुलू नका. क्रोमने २०२३ मध्येच तिची साथ सोडली. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यापेक्षा लिनक्स मिंट टाका. ती मोफत आहे आणि सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात. पैसे देण्याआधी अर्धा तास चालवून बघा.

येत्या १४ एप्रिलला डीजे वगळा, संगणक आणा. आपला पासवर्ड आपल्याच हाती असू द्या.

जय भीम!