एका अल्बमची कारकीर्द

लॉरिन हिलच्या नावावर स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला स्वतंत्र अल्बम एकच आहे. तरीही हिप-हॉप आणि सोल यांचा इतिहास तिला वगळून सांगता येत नाही.

तिचा जन्म २६ मे १९७५ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. आईने जमवलेल्या जुन्या सोल गाण्यांच्या तबकड्या ऐकत ती वाढली. शाळेत असतानाच प्राझ मिशेल आणि पुढे वायक्लेफ जाँ यांच्यासोबत तिचा गट जमला, तोच ‘फ्युजीज’. १९९३ मध्ये ‘सिस्टर अ‍ॅक्ट २’ या चित्रपटातून तिचा आवाज मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचला. गटाचा १९९४ चा पहिला अल्बम फारसा चालला नाही. १९९६ च्या ‘द स्कोअर’ने मात्र विक्रीत अमेरिकेतील पहिला क्रमांक गाठला. रोबर्टा फ्लॅकने १९७३ मध्ये गाजवलेले ‘किलिंग मी सॉफ्टली’ लॉरिनने त्यात ढोलाच्या जड ठेक्यावर गायले आणि नव्या पिढीच्या ओठांवर आणले.

गट विखुरल्यावर, २५ ऑगस्ट १९९८ रोजी ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ आला. त्या काळी रॅप एकाने करायचे आणि ध्रुवपदापुरती गायिका बोलवायची, अशी सर्रास रीत होती. लॉरिनने दोन्ही कामे स्वतः केली. ‘डू वॉप (दॅट थिंग)’मध्ये पहिल्या कडव्यात ती मुलींना खडसावते, दुसऱ्यात पुरुषांना, मध्ये पियानो आणि ब्रास वाद्यांच्या साथीने गायलेले ध्रुवपद येते. चित्रफितीत पडदा उभा दुभागलेला आहे: एका बाजूला १९६७ चे न्यूयॉर्क, दुसऱ्या बाजूला १९९८ चे. जुने सोल आणि नवे रॅप एकाच वस्तीतले आहेत, हे तिने असे डोळ्यांसमोर मांडले. ‘टू झायन’ हे गाणे तिने पहिल्या मुलासाठी रचले. ऐन यशात आई होण्याचा निर्णय रॅपमध्ये इतक्या मोकळेपणाने क्वचितच कुणी मांडला होता.

१९९९ मध्ये तिला पाच ग्रॅमी मिळाले. त्यांत सर्वोत्कृष्ट अल्बमचा सन्मान होता. हिप-हॉप अल्बमला तो प्रथमच लाभला. याच अल्बमवर काम केलेल्या चार संगीतकारांनी श्रेयासाठी दावा लावला आणि २००१ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. श्रेयाचा हा प्रश्न बाजूला सारून अल्बमचे मोल ठरवणे योग्य नव्हे.

पुढची वाट खडतर होती. २००२ च्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ या थेट मैफलीच्या अल्बममध्ये केवळ गिटार आणि बसलेला आवाज होता, समीक्षकांत दोन तट पडले. कर न भरल्याबद्दल २०१३ मध्ये तिने तीन महिने तुरुंगवास भोगला.

अल्बमचे आयुष्य मात्र वाढतच गेले. २०१५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत त्याचा समावेश केला. २०१८ मध्ये ड्रेक आणि कार्डी बी या दोघांनीही त्यातील ‘एक्स-फॅक्टर’चा आधार घेऊन गाणी केली. २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला एक कोटी प्रतींसाठीचे डायमंड प्रमाणपत्र मिळाले.

दुसरा स्टुडिओ अल्बम का आला नाही, हा प्रश्न तिला सतत विचारला गेला. गाणाऱ्याने ठरावीक काळाने माल पुरवलाच पाहिजे, अशी अपेक्षा त्यामागे आहे आणि ती अन्यायाची आहे. ज्या अल्बमवर पुढच्या पिढीची गाणी उभी राहिली, तो एकटाच कारकीर्द म्हणवून घेण्यास पुरेसा आहे.