कथा कोणाची, संमती कोणाची?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या हायडा ग्वाई बेटांवर १९००-०१ मध्ये जॉन स्वॉन्टन यांनी स्काय आदी हायडा कथनकारांच्या कथा त्यांच्याच भाषेत, नावानिशी टिपल्या. १९९९ मध्ये रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांनी त्या अभिजात साहित्य म्हणून इंग्रजीत आणल्या. मात्र आजच्या हायडा समाजाला विचारले नाही, असा आक्षेप उमटला. तो रास्तच होता. हायडा परंपरेत अनेक कथा विशिष्ट कुळांच्या मालकीच्या असतात. 'लोकसाहित्य सर्वांचे' हे आपले गृहीतक तिथे टिकत नाही. अनुवादकाची निष्ठा निर्विवाद असेल. पण निष्ठेने हक्क मिळत नाही. वारली वा भिल्ल कथा संकलित करणाऱ्या आपल्या अभ्यासकांनीही कथनकाराचे नाव छापावे. त्याआधी त्याचा नकार ऐकण्याची तयारी ठेवावी.