समुद्रापलीकडून : डिसेंबरातला गुलमोहर

सांगलीच्या एका वाचक मैत्रिणीनं पत्रात विचारलंय, "तुम्ही समुद्रकिनाऱ्यावरच राहता, म्हणजे तुमची रोजच सुट्टी असेल ना?"

अगं, कसली सुट्टी! इथल्या खाऱ्या वाऱ्यानं इस्त्री गंजते, सायकलची साखळी गंजते, अगदी कंपासपेटीचं झाकणसुद्धा गंजतं. आमच्या घरात शनिवारची सकाळ तेलाची बाटली आणि फडकं घेऊन गंज पुसण्यात जाते. समुद्र दिसतो तो त्यानंतर.

आम्ही राहतो मॉरिशसमध्ये, फ्लिक-आं-फ्लाक नावाच्या गावी. नाव झांजेसारखं वाजतं की नाही? बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे हे. आता नकाशा काढा. आपलं नाशिक विषुववृत्ताच्या वर २० अंशांवर आणि आमचं गाव विषुववृत्ताच्या खाली साधारण तितक्याच अंशांवर. म्हणजे आरशात पाहिल्यासारखं! त्यामुळे इथे सगळं उलटं. जून-जुलैत स्वेटर शोधायचे आणि नाताळला पंखा लावून बसायचं. आपल्याकडे मे महिन्यात पेटणारा गुलमोहर इथे डिसेंबरात लालभडक होतो. जूनमधला दुपारचा सूर्य उत्तरेकडे कलतो, म्हणून थंडीत उन्हाला बसायचं तर उत्तरेची गॅलरी बरी. रात्री ध्रुवतारा शोधाल तर मुळीच सापडणार नाही, तो क्षितिजाखाली गेलेला. आणि मृग नक्षत्र? शीर्षासन करून उभं!

किनाऱ्यावर मात्र ओळखीचं झाड भेटतं, आपलं सुरूचं. इथे त्याला 'फिलाओ' म्हणतात. समोरचं पाणी शांत असतं, कारण दूरवर प्रवाळाची भिंत आहे आणि मोठ्या लाटा तिच्यावरच फुटतात. तरी पाण्यात अनवाणी जायचं नाही. तळाशी सागरी साळू असतात आणि 'लाफ' नावाचा विषारी काटेरी मासा अगदी दगडासारखा पडून राहतो. रबरी चपला हव्यातच.

खाण्याचं म्हणाल तर 'दाल पुरी' हवी! डाळ भरलेली मऊ पोळी, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा, मिरचीचा ठेचा. कागदात गुंडाळून नेहमी जोडीनंच देतात. पुरणपोळीची तिखट बहीणच म्हणा ना. दूध मात्र बहुतेक भुकटीचं आणि तेही परदेशातून आलेलं. सायीसाठी आम्ही झुरतो.

शाळेत शिकवतात इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंच आणि भांडणं क्रिओलमध्ये! क्रिओलमध्ये एक गंमत आहे. फ्रेंच शब्दांना चिकटलेली 'ला', 'द्यु' ही शेपटं तिनं शब्दांतच विरघळवून टाकलीत. समुद्र म्हणजे 'लामेर', पाऊस म्हणजे 'लाप्ली', तांदूळ म्हणजे 'दिरी'. आमची मुलं महिनाभरात शिकली, मी अजून बोटं मोडत्येय.

आमच्या इमारतीत एक फ्रेंच कुटुंब आहे, एक दक्षिण आफ्रिकेतलं. आमच्यासारख्यांचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की सामान बांधा. त्यामुळे जूनमध्ये शेजारच्या बाकावर बसणारा मित्र जुलैत नसतो. मुलं त्यावर फारसं बोलत नाहीत, पण नव्या मुलाशी पटकन गट्टी करायलाही आताशा कचरतात. हे मला आवडत नाही.

पण काही माणसं इथून कुठेच जात नाहीत. आमच्या मागच्या घरातल्या तांतिन त्यांतल्याच. 'तांतिन' म्हणजे मावशी, काकू, सगळंच. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांत मजुरीला आले. हिंदुस्थानातून असे मजूर आणायला १८३४ साली सुरुवात झाली. तांतिन घरी क्रिओल बोलतात, पण आरती मराठीत म्हणतात आणि त्यातला शब्द न् शब्द स्पष्ट! गणेशचतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते, ठाऊक होतं तुम्हाला?

याच तांतिन आमच्याकडे मुक्कामाला आल्या होत्या, 'बेलाल' चक्रीवादळात. २०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. इथे वादळाचे इशारे 'क्लास वन' ते 'क्लास फोर' असे चढत जातात. क्लास वन म्हणजे मेणबत्त्या, पाव, डबाबंद मासे आणून ठेवा. पुढे शाळा बंद, मग बस बंद. क्लास फोर म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत बेटावर पोचलेत, दाराबाहेर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. तांतिनच्या स्वयंपाकघराला पत्रे, म्हणून मी त्यांना वरती घेऊन आले. येताना त्यांनी काय आणलं? कपडे नाहीत, देव नाहीत, दोन रिकाम्या बादल्या! "आधी पाणी भर. नळ जाणार," म्हणाल्या.

सोमवार, १५ जानेवारी. मुलांचे बाबा सकाळीच राजधानीत, पोर्ट लुईला कामावर गेले होते. दुपारी तिथे असा पाऊस कोसळला की रस्त्यांच्या नद्या झाल्या, मोटारी तरंगत जाऊन एकमेकींवर चढल्या. यांचा फोन आला, "गाडी सोडलीय, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे." तेवढंच. मग फोन मुका.

धाकटी रडायला लागली. थोरला खिडकीशी उभा, काही बोलेना. तांतिननी दोघांना जवळ बसवलं आणि १९६० सालच्या 'कॅरोल' वादळाची गोष्ट काढली. तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. "वारा एकदम थांबला," त्या सांगत होत्या, "ऊन पडलं. लोकांना वाटलं, संपलं! पण आजी आम्हाला बाहेर सोडेना. ते वादळाचं डोळं होतं. ते सरकल्यावर वारा आला तो उलट्या बाजूनं, आणि पहिल्या झोतात तगलेली भिंत दुसऱ्यात गेली." त्या वादळात बेटावरची हजारो लाकडी आणि पत्र्याची घरं पडली. आज इथे जिकडेतिकडे सपाट छपराची सिमेंटची घरं दिसतात, ती त्यानंतरची.

थोरल्यानं विचारलं, "वारा उलटा का येतो?" मी बशीत पाणी घेऊन बोटानं भोवरा करून दाखवला. मधोमध कागदाचा कपटा ठेवला. त्याच्या एका बाजूला पाणी पुढे पळतं, तर दुसऱ्या बाजूला मागे. वादळ तुमच्यावरून सरकलं की आधी एक बाजू लागते, मग दुसरी. फरक एवढाच, की आपल्या अरबी समुद्रातली वादळं घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरतात आणि इथली काट्यांप्रमाणे. मुलांनी दोन्हीकडून फिरवून फिरवून टेबलभर पाणी केलं. मी काही बोलले नाही. तेवढा वेळ कुणी फोनकडे बघत नव्हतं.

अंधार पडल्यावर दार वाजलं. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, आणि चेहरा असा की मुलं क्षणभर पुढेच गेली नाहीत. तांतिन उठल्या, बादलीतलं पाणी तपेल्यात घेऊन गॅसवर ठेवलं. नळ केव्हाच गेला होता.

दोन दिवसांनी त्या घरी परतल्या. एक पत्रा उडाला होता, अंगणात सुरूच्या काड्यांचा हा एवढा ढीग. थोरला झाडू घेऊन न सांगता त्यांच्या मागोमाग गेला. संध्याकाळी आला तो दाल पुरीची जोडी घेऊन आणि एक नवा क्रिओल शब्द शिकून. तो शब्द मात्र मला काही केल्या सांगत नाहीये!