पट्ट्याआड दडवलेला हर्निया

पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, तळवड्याच्या शेडमध्ये कास्टिंगने भरलेला क्रेट दोघांनी उचलायचा असतो; रात्रपाळीला माणूस कमी पडला की एकटाच उचलतो. पुढे कधीतरी खोकला आला की त्याचा हात आपसूक जांघेवर जातो. तिथला फुगवटा आडवे झाल्यावर आत जातो, म्हणून दुकानातला पट्टा आवळून गडी पुन्हा मशीनवर हजर. पट्ट्याने पोटाच्या भिंतीतले भोक बुजत नाही.

हर्निया निव्वळ ओझ्याने होत नाही, हे खरे. पुरुषाच्या जांघेत पोटाची भिंत मुळातच कच्ची; त्यात सिगारेटचा जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, सुटलेले पोट. पण तेवढ्यावर कारखान्याने हात झटकू नयेत. इजा होईल इतके ओझे उचलायला लावू नये, असे 1948च्या कारखाना कायद्याचे 34वे कलम सांगत होते. त्याच कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत मात्र हर्निया नव्हता!

उपाय शस्त्रक्रियेचा, आणि तो दूर नाही. जाळी न बसवता स्नायूच्या आवरणाचीच पट्टी वापरण्याची पद्धत पुण्याच्याच डॉ. मोहन देसरडा यांनी 2001मध्ये मांडली. अडते ते खाड्यापाशी. कंत्राटी कामगाराला रजा म्हणजे गेटपास जाण्याची धास्ती. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) पात्र कामगाराला शस्त्रक्रियेबरोबर आजारपणाचा भत्ताही मिळतो, हे त्याला कंत्राटदाराने सांगायला हवे. आणि क्रेटखाली ट्रॉली द्यायला हवी.

फुगवटा कडक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर पाळी सुटायची वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा.