शिंपीदादा, माया जरा जास्त सोडा!

ब्लाऊज चांगला शिवणारी बाई सापडली, की तिचा पत्ता मैत्रिणीला सांगतानासुद्धा आपण जरा हात राखूनच सांगतो. तिच्याकडे गर्दी वाढली तर आपला ब्लाऊज लग्नाच्या आदल्या रात्री मिळायचा! ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवणाऱ्या बायका आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पण शर्ट आणि पॅन्ट? तेही बाईच्या मापाचे? 'आहे का गं कुणी?' असं विचारलं, की सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात.

हा प्रश्न आता दोन-चार मुलींचा राहिलेला नाही. मी एका पतसंस्थेत काम करते. आमच्या तालुक्याच्या गावात बँकेत, विम्याच्या ऑफिसात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, गाड्यांच्या शोरूममध्ये मुली शर्ट-पॅन्ट घालून कामाला येतात. कुणाचा ऑफिसचा ड्रेसकोडच तसा असतो, कुणाला स्कूटीवर ओढणी सांभाळायची कटकट नको असते. चाळिशी-पन्नाशीच्या बायकाही सैलसर शर्ट आणि सरळ पॅन्ट घालू लागल्यात. सोय असते हो, दुसरं काही नाही. घरातल्या मोठ्या बायकाही आता फारशा बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं एकच, 'काय घालायचं ते घाल, पण अंगाला नीट बसणारं घाल.' आणि तिथंच तर घोडं अडतं!

रेडीमेड शर्ट छातीला बसला, तर खांद्यावरून उतरतो. खांद्याला बसला, तर छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडते. मग आतून सेफ्टी पिन! पॅन्ट सीटला बसली की कमरेला मूठभर सैल. आपलंच अंग वेडंवाकडं, अशी समजूत करून घेऊन आपण गप्प बसतो. दुकानातली मुलगीही 'ताई, एक साइज वरचा घ्या' म्हणून मोकळी होते. पण दोष अंगाचा नाही, मापाचा आहे. हे एस, एम, एल मुळात परदेशी कोष्टकांवरून आलेले. आपल्या माणसांची मापं घेऊन आपला स्वतःचा साइज चार्ट करायचा, हे काम २०१८ साली जाहीर झालं. 'निफ्ट' या संस्थेनं 'इंडियासाइज' या नावानं ते हाती घेतलं. सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची, अशी ती योजना. चांगलीच गोष्ट आहे. पण हजारो लोकांच्या मापांवरून काढलेला साइज माझ्या खांद्याला बसेलच, याची खात्री कोण देणार? गळ्यात टेप अडकवलेला शिंपी मात्र माझं माप घेतो, सरासरीचं नाही.

तेव्हा शिवून घेणं उत्तम, हे सगळ्यांना पटतं. पुढचं वाक्य ठरलेलं असतं, 'पण चांगले टेलर राहिलेत कुठे? आणि असले तर परवडतात कुठे?' माझं म्हणणं असं, की चांगला आणि परवडणारा शिंपी नुसता शोधून सापडत नसतो. तो गावानं सांभाळावा लागतो. आणि घरातले बहुतेक कपडे आपणच बघतो, म्हणजे हे सांभाळणं बरंचसं आपल्या हातात आहे.

आधी पैशांचं बघू. ५८ इंची पन्ह्याचं कापड असेल, तर साधारण अंगलटीला पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६० मीटर पुरतं. ३६ इंची पन्हा असेल, तर सव्वादोन ते अडीच मीटर धरायचं. पॅन्टला मोठ्या पन्ह्याचं सव्वा मीटर. २५० रुपये मीटरचं शर्टिंग घेतलं तर कापडाचे ४०० आणि शिलाईचे ३५० (आमच्या गावात तरी हाच दर आहे), म्हणजे ७५० रुपयांत शर्ट अंगावर. यापेक्षा स्वस्त रेडीमेड मिळतो, हे खरं आहे. पण बरेचदा त्याची कॉलर चार धुण्यांत फुगते आणि शिलाई उसवली तर आत पुन्हा शिवायला कापडच नसतं. शिवलेला शर्ट अंग थोडं वाढलं तरी उसवून सैल करता येतो. कापडही आपल्या पसंतीचं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आणला. आता त्या गावात शर्टिंगही विणलं जातं. आपल्या शेजारच्या मागावरचं कापड घ्यायचं आणि आपल्या गल्लीतल्या माणसाकडून शिवून घ्यायचं, यात कमीपणा कसला?

आता खरी अडचण. जेन्ट्स टेलरच्या दुकानात आपण पाऊल टाकलं की तो म्हणतो, 'ताई, लेडीज आम्ही शिवत नाही.' त्यालाही संकोच, आपल्यालाही. माप कुणी घ्यायचं? आमच्या बाजारपेठेतल्या एका काकांना मी सरळ म्हटलं, 'काका, तुम्ही मापाला हात लावू नका. मी नीट बसणारा शर्ट आणते, त्यावरून घ्या. जे कमी-जास्त असेल ते मी कागदावर लिहून देते.' ते हसले. म्हणाले, 'मग काय, बिघडलं तर जबाबदारी निम्मी निम्मी!' ब्लाऊजला आपण मापाचा ब्लाऊज देतोच ना? तसाच मापाचा शर्ट. काही दुकानांत आता टेलरची बायको किंवा सून मापं घेते, हे तर आणखी चांगलं. नाहीतर घरी मैत्रिणीकडून मापं घ्यावीत. शर्टाला उंची, शोल्डर, बाही, दंड, मनगट, छाती, कंबर, सीट आणि गळा. पॅन्टला उंची, कंबर, सीट, मांडी, गुडघा, बॉटम आणि आसन. आसनाचं माप बरेच जण अंदाजानं धरतात आणि मग खाली बसलं की पॅन्ट मागून उतरते.

जेन्ट्स टेलरला दोन-तीन गोष्टी मात्र आवर्जून सांगायच्या. पुरुषांच्या शर्टाला छातीपाशी टक्स नसतात, आपल्याला लागतात. बटणांची जागा ठरवताना एक बटण बरोबर छातीच्या रेषेत येऊ द्यायचं, म्हणजे ती फट पडत नाही. बायकांच्या शर्टाची बटणं डाव्या बाजूला असतात, तेही आधी बोलून घ्यावं. डावीकडे की उजवीकडे, मला तरी काही फरक पडत नाही. आणि खिसा! बायकांच्या रेडीमेड पॅन्टला खिसा म्हणजे नुसती शिलाई नाहीतर दोन बोटांची जागा. टेलरला सांगून मोबाइल मावेल एवढा खोल खिसा करून घ्या. त्या एका खिशासाठी तरी पॅन्ट शिवून घ्यावी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

टेलर चांगला की नाही, हे बोर्डावरून कळत नाही. दुकानात तयार कपडे टांगलेले असतात, ते बघायचे. कॉलरची दोन्ही टोकं सारखी आहेत का? पट्ट्यांचा किंवा चौकडीचा कपडा असेल, तर खिशावर रेघेला रेघ जुळलीय का? मग शर्ट उलटा करून बघायचा. आत ओव्हरलॉक नीट आहे का, माया किती सोडलीय? माप घेताना तो काही विचारतो का, की दोन आकडे लिहून पावती फाडतो? ट्रायलला बोलावतो का? पहिल्याच वेळी भारी कापड देऊ नये. साध्या कापडाचा एकच शर्ट टाकावा, आठ-दहा वेळा धुवावा, मग बाकीचे. सुती कापड असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच द्यावं. शिवल्यावर आटला, तर त्यात शिंप्याचा काय दोष?

हे सगळं आपण करू. पण शिलाईचा आकडा ऐकला की आपला चेहरा बदलतो. चार हजारांची साडी घेताना जी बाई शंभरभर रुपये सहज सोडते, ती शिलाईत वीस रुपयांसाठी दहा मिनिटं हुज्जत घालते. शर्टाच्या ३५० रुपयांत काय काय बसतं, हे मी त्या काकांना विचारलं. दीडशे रुपये कारागिराचे. काज करायला शर्ट दुसऱ्या दुकानात जातो, ते पैसे वेगळे. मग दोरा, बटणं, कॉलरचं बकरम, इस्त्री, लाइट बिल, दुकानाचं भाडं. उरतं ते काकांच्या कापण्याचं. आणि खरी कला तर कापण्यातच असते. शिलाई चुकली तर उसवता येते, कात्री चुकली तर कापड गेलं.

शिलाईला किंमत न देण्याची सवय आपल्याला एकट्यालाच आहे असं नाही. २०२४-२५ मध्ये राज्यात शाळांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' योजना आली. एका गणवेशाची शिवण महिला बचत गटांकडे होती, तर स्काउट-गाइडच्या दुसऱ्या गणवेशाचं कापड शाळांना दिलं गेलं. त्याच्या शिलाईला १०० रुपये आणि वरखर्चाला १० रुपये! एवढ्यात कोण शिवून देणार, हा प्रश्न गावोगावच्या शाळांनी विचारला. गणवेश उशिरा आले, मापाचे नाहीत अशा तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. यातून मी एवढंच शिकले, की मापाचा कपडा हवा असेल तर माप घेणारा माणूस जवळचा हवा आणि त्याला पोटापुरते पैसे मिळायला हवेत.

नाहीतर काय होतं, ते दिसतंच आहे. आमच्या बाजारपेठेतल्या टेलरांची मुलं मोबाइलच्या दुकानात कामाला लागलीत. बापाची कात्री हातात घ्यायला कुणी तयार नाही. 'काका, तुमच्यानंतर कोण?' या प्रश्नावर काकांनी नुसती मान हलवली.

मला वाटतं, याचं उत्तर आपल्यातल्याच कुणाकडे तरी आहे. ज्या बायका घरी ब्लाऊज आणि ड्रेस शिवतात, त्यांचा हात बसलेला असतो. त्यांनी शर्टाची कॉलर, कफ आणि पॅन्टची चेन-पट्टी एवढं शिकून घेतलं तर? माप घेण्याचा संकोच उरणार नाही आणि लग्नसराई संपल्यावर मशीन रिकामं राहणार नाही. आयटीआयमध्ये 'सुइंग टेक्नॉलॉजी' हा एक वर्षाचा कोर्स असतो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, साहित्यासाठी १५ हजारांपर्यंतची मदत आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी सोय आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. शिंपीकामाची नोंदणी सध्या चालू आहे का, हे जवळच्या सीएससी केंद्रात विचारून घ्यावं. आणि खरं सांगू का, कोर्स नसला तरी एखाद्या म्हाताऱ्या काकांच्या हाताखाली सहा महिने बसलं, तरी पुष्कळ शिकता येईल. ते शिकवतील. त्यांनाही कुणीतरी हवंच आहे.

आणि बाकीच्या आपण? आपण दिवाळीच्या आठ दिवस आधी दहा कपडे घेऊन जायचं आणि 'टेलर वेळेवर देत नाहीत' म्हणायचं, हे सोडलं पाहिजे. श्रावणात, काम कमी असतं तेव्हा एखादा शर्ट टाकावा. घरातल्या मुलाचा, नवऱ्याचाही टाकावा. कपडा बिघडला तर गावभर सांगण्याआधी त्याच्याकडे परत जावं. चांगला टेलर दुरुस्त करून देतो, आणि न देणाऱ्याकडे पुन्हा जायचं नाही, एवढं सोपं आहे. चांगल्या टेलरचा पत्ता मात्र हातचा न राखता सगळ्यांना सांगावा. त्याच्याकडे गर्दी झाली तर आपला शर्ट चार दिवस उशिरा मिळेल, पण दुकान चालू राहील.

शिवणकामात शिलाईच्या आत जादा ठेवलेल्या कापडाला आपण 'माया' म्हणतो. किती नेमका शब्द आहे! ती असली तर कपडा पुढं वाढवता येतो, नसली तर पहिल्याच ताणाला उसवतो. तेव्हा कपडा टाकताना 'आत माया जरा जास्त सोडा' असं शिंपीदादांना जरूर सांगा. आणि पावतीवरचा आकडा बघून घासाघीस करायला तोंड उघडण्याआधी, थोडी आपणही सोडू या.